शेवटच्या दुखण्यात सोबत करताय? या चुका टाळा

शेवटचं दुखणं असलेल्या घरात औषधांचं डॉक्टर बघतात, ड्रेसिंगला नर्स येते, कूस बदलायला ब्युरोची बाई असते. पलंगाजवळ खुर्ची ओढून नुसतं बसणारं माणूस मात्र बहुतेक घरांत नसतं. वांद्र्याच्या शांती आवेदना सदनात १९८६ पासून, पुण्यात वारज्याच्या सिप्ला केंद्रात १९९७ पासून अशा रुग्णांची आणि त्यांच्या घरच्यांचीही काळजी घेतली जाते. पण खाटा किती पुरणार? बऱ्याच जणांचा शेवट घरीच होतो आणि सोबत करतात ती शेजारची काकू, चुलतभाऊ, ऑफिसातला जुना मित्र किंवा एखादा स्वयंसेवक. हे त्यांच्यासाठी. इथे होणाऱ्या चुका बहुतेक मायेपोटीच होतात, आणि त्यातल्या निम्म्या तरी 'काहीतरी केलं पाहिजे' या घाईतून.

"दोन घास तरी खा"

सगळ्यात जास्त त्रास या वाक्याने होतो असं माझं मत आहे. आजाराच्या शेवटी भूक मरते. खात नाहीत म्हणून खालावताहेत असं घरच्यांना वाटतं. खरं तर शरीर आवरतं घेतंय म्हणून खाणं सुटलेलं असतं. आपल्याकडे प्रेम ताटातून वाढायची सवय, त्यामुळे वाटी-चमचा घेऊन सगळं घर मागे लागतं. माणूस तोंड फिरवतो, मग रुसवे, मग "माझ्यासाठी एक घास". तो बिचारा मन राखायला गिळतो आणि नंतर ओकतो.

मागितलं तर द्या, चमचाभर द्या, पाठीला उशी लावून बसतं करून द्या. घोट तोंडातच राहतोय, ठसका लागतोय किंवा आवाज ओलसर येतोय असं दिसलं, तर पाजणं थांबवा आणि नर्सला कळवा. पाणी श्वासनलिकेत जाऊ शकतं. अशा वेळी स्वच्छ गॉज बोटाला गुंडाळून पाण्यात बुडवायचा, चांगला पिळायचा आणि ओठ, हिरड्या, गालाची आतली बाजू हलकेच पुसायची. कोरडं पडलेलं तोंड हा फार मोठा त्रास असतो, आणि घास भरवायला धडपडणाऱ्या मुलीला हे काम दिलं की तिच्याही हातांना काम मिळतं. गंगाजल द्यायचंच असेल तर तुळशीचं पान बुडवून ओठांना टेकवा. पळीभर ओतू नका.

आणि खोलीत ऑक्सिजन चालू असेल तर उदबत्ती, निरांजन दुसऱ्या खोलीत. यावर कुणी कितीही नाराज झालं तरी चालेल. ओठांना व्हॅसलीन लावण्याआधीही नर्सला विचारा.

"त्यांना काही सांगू नका हं!"

दारातच हे कानात सांगितलं जातं. गंमत अशी की बऱ्याचदा आतल्या माणसाला सगळं कळलेलं असतं आणि तोही म्हणतो, "हिला काही बोलू नका, खचेल." दोघं एकमेकांपासून लपवत बसतात आणि बोलायचं ते राहून जातं. लॉकरची किल्लीसुद्धा.

इथे दोन टोकाच्या चुका होतात. "छे, अहो पाडव्यापर्यंत हिंडाफिरायला लागाल!" ही एक. घरच्यांना डावलून आपणच सगळं सांगून टाकणं ही दुसरी. सुरुवातीलाच घरच्यांशी स्पष्ट बोलून घ्या: मी आपणहून विषय काढणार नाही, पण विचारलं तर खोटंही बोलणार नाही. "मी यातून उठणार नाही ना?" असं आजोबांनी विचारलंच, तर उत्तर द्यायची घाई करू नका. "तुम्हाला काय वाटतंय?" असं विचारा आणि गप्प बसा. पुष्कळदा प्रश्न मरणाचा नसतोच; दुखेल का, हिचं कोण बघणार, धाकट्याचं कर्ज फिटेल का, असलं काहीतरी निघतं. आजाराचं विचारत असतील तर "डॉक्टरांना बोलवू, त्यांनाच विचारू" हे पुरेसं आहे.

खोलीतली बडबड

पलंगावरचा माणूस डोळे मिटून पडलाय म्हणून त्याच्या उशाशी हॉस्पिटलचं बिल, स्मशानाची चौकशी, "किती दिवस काढतील?" असली चर्चा करू नका. प्रतिसाद न देणाऱ्यालाही ऐकू येत असेल असंच धरून चाला. व्हॉट्सॲपवरचे काढे, कुणाच्या तरी मेव्हण्याला आलेला गुण, "सकारात्मक विचार करा" हे सगळं दाराबाहेर. भेटायला येणाऱ्यांना सोबत्यानेच दहा मिनिटांत उठवावं. घरच्यांना ते जमत नाही, शिवाय चहा त्यांनाच टाकावा लागतो.

घरघर लागली की १०८

घरीच राहायचं असं ठरलेलं असतं, डॉक्टरांनाही ते मान्य असतं. मग रात्री श्वासाला घरघर सुरू होते, मध्येच श्वास थांबून पुन्हा येतो, हातपाय गार पडतात, त्वचेवर निळसर डाग दिसतात. कुणीतरी घाबरून १०८ फिरवतं, आणि नको म्हणालेला माणूस कॅज्युअल्टीत नळ्यांमध्ये जातो. शेवटी असं होऊ शकतं हे घरच्यांना आधीच नर्सकडून सांगून ठेवा. घरघर ऐकणाऱ्यालाच जास्त बोचते. एका कुशीवर वळवल्याने बऱ्याचदा ती कमी होते. फोन कुणाला करायचा तो नंबर मोठ्या अक्षरांत फ्रिजवर लावा.

याच सुमारास अमेरिकेतला मुलगा पोचतो आणि "आयसीयूत का नाही नेलं?" विचारतो. त्याच्याशी वाद घालू नका, डॉक्टरांशी गाठ घालून द्या आणि रात्रीची पाळी त्याला द्या. उपचार कुठे थांबवायचे याचं इच्छापत्र रुग्णाने करून ठेवलं असेल तर ते हाताशी ठेवा. सुप्रीम कोर्टाने २०१८ साली त्याला मान्यता दिली आणि २०२३ मध्ये प्रक्रिया सोपी केली. आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरतो.

आपली पायरी सोडणं

डोस कमी-जास्त करणं, वेदनांवरच्या मॉर्फिनने व्यसन लागेल म्हणून गोळी लपवायला सांगणं, पैशांचे व्यवहार, जमिनीच्या भांडणात मत देणं: यातलं काहीही सोबत्याचं काम नाही. वहिनी सकाळपासून जेवल्यात का हे बघणं मात्र आहे. "काही लागलं तर सांगा" म्हणू नका, कुणी सांगत नाही. "मंगळवारी दुपारी दोन ते पाच मी बसतो, तुम्ही झोपा" असं म्हणा.

कागदांचा विसर

घरी मृत्यू झाला तर उपचार करणाऱ्या डॉक्टरचा दाखला लागतो. ते येऊन देतील का, हे आधीच विचारून ठेवा. ऐनवेळी अनोळखी डॉक्टर नकार देतात आणि प्रकरण पोलिसांपर्यंत जाऊ शकतं. मृत्यूची नोंद २१ दिवसांत करायची असते. नेत्रदान ठरलं असेल तर सहा तासांच्या आत व्हायला हवं: पंखा बंद, डोळे मिटून वर ओला कापूस, डोक्याखाली उशी.

तेराव्यानंतर घर एकदम रिकामं होतं, आणि सोबत करणारेही तेव्हाच गळतात. त्या आठवड्यात नक्की जा. भाड्याची कॉट, हवेची गादी, ऑक्सिजनचं मशीन परत करून डिपॉझिट सोडवायचं असतं, कारण भाडं चढत राहतं. उरलेल्या मॉर्फिनच्या गोळ्या कपाटात ठेवू देऊ नका; त्या मोजून, जिथून आणल्या त्या केंद्रात परत देऊन या.