प्राण्यांची पहिली रेखाटनं : या चुका टाळा

मुलांच्या पुस्तकासाठी प्राणी काढायला बसलं की हात आपोआप सवयीचं चित्र काढतो. दोन टोकदार कान, मिशा, वळलेली शेपूट, झाली मांजर. एका पानापुरती ती चालूनही जाते. पण गोष्टीत तिला उडी मारायची असते, वाकून दूध प्यायचं असतं, खुर्चीखाली दडून बसायचं असतं. तिथे चित्र फसतं. मग कितीही सुंदर रंग भरा, ते सावरत नाही. दुरुस्ती कच्च्या रेखाटनातच व्हायला हवी.

मागचा पाय चुकतो

सगळ्यात जास्त दिसणारी चूक हीच. कुत्र्याच्या मागच्या पायाला मागच्या बाजूला जो कोन दिसतो, त्याला आपण गुडघा समजतो. ती टाच असते. कुत्रा बोटांवर चालतो, त्यामुळे टाच जमिनीपासून बरीच वर राहते. खरा गुडघा पोटाच्या रेषेजवळ असतो आणि आपल्या गुडघ्यासारखाच पुढे वळतो. गाय प्रत्येक पायाच्या दोन बोटांवर उभी असते, घोडा एकाच. पक्ष्याचा ‘उलटा गुडघा’ म्हणजेही टाचेचाच सांधा. त्याचा गुडघा पिसांत झाकलेला असतो.

पाय बिघडलेला वाटला तर केस, पंजे, नखं सगळं बाजूला ठेवा. कंबर, गुडघा, टाच आणि बोटं असे चार ठिपके द्या, ते सरळ रेघांनी जोडा आणि मगच मांस चढवा. हत्तीला मात्र ही रीत तशीच लावू नका. त्याचे पाय खांबासारखे सरळ असतात आणि मागचा गुडघा बराच खाली असतो.

पुढच्या पायांबाबत एकच सांगते. मांजरीच्या खांद्याचं हाड बरगड्यांना सांध्याने जोडलेलं नसतं, स्नायूंनी धरलेलं असतं. म्हणून ती दबा धरून चालते तेव्हा खांदे पाठीच्या रेषेवर उचललेले दिसतात. पाठ सपाट काढली की दबा धरणारी मांजर नुसती उभी दिसते. खांद्यांचे ते दोन उंचवटे काढून पाहा, चित्र लगेच बोलू लागतं.

कपडे घातले की शरीर हरवतं

सदरा-विजार घातलेला प्राणी बहुतेक वेळा प्राण्याचं मुंडकं लावलेला माणूस होऊन बसतो. मुलांच्या चित्रगोष्टी लिहिणाऱ्या इंग्रज चित्रकार बीट्रिक्स पॉटर घरी ससे पाळून त्यांची रेखाटनं करत असत. त्यांच्या गोष्टीतल्या निळ्या कोटातल्या पीटर सशाचा कोट निघाला की तो चार पायांवर पळतो, आणि ते मुळीच खोटं वाटत नाही, कारण कोटाच्या आत आधीपासून ससाच असतो. आधी उघडा प्राणी काढा, त्यावर पातळ कागद ठेवा आणि कपडे त्या कागदावर काढा.

फक्त फोटोवर विसंबणं

फोटोत एकच क्षण असतो. वजन कुठून कुठे गेलं, हे त्यात कळत नाही. पाळीव असो वा मोकळा, जिवंत प्राणी पाहा. तो हलला तर चित्र अर्धवट सोडून त्याच पानावर दुसरं सुरू करा. प्राणी त्याच त्या बैठकीत पुन्हा येतात, तेव्हा पहिलं पूर्ण करता येतं. अमेरिकन चित्रकार-लेखक रॉबर्ट मॅक्लॉस्की यांनी 1941 साली आलेल्या बदकांच्या पुस्तकासाठी राहत्या घरात बदकं आणून ठेवली होती. तेवढं प्रत्येकाला जमणार नाही, पण बघण्याची ती ओढ हवी.

फोटो खरे उपयोगी पडतात ते वेगासाठी. छायाचित्रकार मायब्रिज यांच्या 1878 च्या छायाचित्रांनी दाखवलं की दौडणाऱ्या घोड्याचे चारही पाय हवेत असतात, तेव्हा ते पोटाखाली गोळा झालेले असतात. तरीही पुढे-मागे ताणलेले पाय काढून घोडा हवेत तरंगवणं चालूच आहे. चित्ता आणि ग्रेहाऊंड हा शर्यतीचा कुत्रा ताणलेल्या अवस्थेतही हवेत असतात, घोडा नाही.

डोळ्यांवर सगळी भिस्त

भाव दाखवायचा म्हणून सशाला समोर दोन मोठे पांढरे डोळे दिले जातात. सशाचे डोळे बाजूला असतात. मांजरीची बाहुली उजेडात उभी चीर होते, शेळीची आडवी असते, वाघाची गोलच राहते. भीती, रुसवा, उत्सुकता आधी कान, मान आणि शेपटीतून आणा. डोळे अगदी शेवटी.

पानागणिक प्राणी बदलतो

डोकं धडाच्या किती पट, कान कुठून सुरू होतात, शेपूट कुठवर पोचते, हे एका कागदावर समोरून, बाजूने आणि मागून काढून टेबलासमोर लावा. 32 पानांच्या पुस्तकात याला पर्याय नाही. चेहरा दोन पानांच्या घडीत जाणार नाही, हेही इथेच पाहून घ्या.

एवढं करूनही काही खटकत असेल आणि नेमकं काय ते सापडत नसेल, तर रेखाटन आरशात पाहा. मग आकृती पूर्ण काळी भरा. नुसत्या काळ्या आकारावरून प्राणी आणि तो काय करतोय हे ओळखू आलं नाही, तर बैठकच बदला. तपशील वाढवू नका.