बाळाला दुखतंय का? आधी चेहरा वाचा, मग कपडे काढून बघा

भुकेचं रडं हळूहळू चढतं. बाळ आधी तोंड वळवून शोधतं, मूठ चोखतं, कुरकुरतं, मग रडतं. दुखण्याचं रडं तसं नसतं. ते एकदम फुटतं, आवाज नेहमीपेक्षा बारीक आणि टोकदार असतो, पहिल्या किंकाळीनंतर श्वास क्षणभर अडकल्यासारखा होतो आणि मग पुन्हा टाहो. तरीही नुसत्या आवाजावरून ठरवलं तर फसायला होतं. चेहरा जास्त खरं सांगतो. भुवया खाली ओढल्या जाऊन त्यांच्या मध्ये फुगवटा येतो, डोळे घट्ट मिटतात, नाकपुडीपासून ओठाच्या कडेपर्यंतची घडी खोल होते, तोंड चौकोनी उघडतं, जीभ ताठ होते आणि हनुवटी थरथरते. यातल्या तीन-चार गोष्टी एकत्र दिसल्या तर दुखतंय असंच धरून चला.

दोन महिन्यांवरच्या बाळांसाठी डॉक्टर आणि नर्स ‘फ्लॅक’ नावाची मोजपट्टी वापरतात. ती घरीही उपयोगी पडते. चेहरा, पाय, अंगाची हालचाल, रडणं आणि समजूत निघते की नाही, या पाच गोष्टींना प्रत्येकी ० ते २ गुण द्यायचे. पाय सैल असतील तर ०, अस्वस्थ किंवा ताणलेले असतील तर १, लाथा झाडत असतील किंवा पोटाशी घेतलेले असतील तर २. उचलून घेतल्यावर शांत होत असेल तर १, काही केल्या होत नसेल तर २. बेरीज ४ ते ६ आली तर दुखणं मध्यम, ७ किंवा जास्त आली तर तीव्र. मात्र भुकेलं किंवा घाबरलेलं बाळही बरेच गुण मिळवतं. म्हणून आधी पाजा, कडेवर घ्या, मगच मोजा, आणि उपाय केल्यावर अर्ध्या तासाने पुन्हा मोजा.

एक गोष्ट विसरू नका: गप्प झालेलं बाळ दुखणं थांबल्यामुळेच गप्प झालं असेल असं नाही. अपुऱ्या दिवसांचं किंवा फार आजारी बाळ रडण्याइतकी ताकदच उरली नसल्याने निपचित पडतं. १९८० च्या दशकापर्यंत अनेक ठिकाणी नवजात बाळांवर पुरेशी भूल न देताच शस्त्रक्रिया होत, कारण त्यांना आपल्यासारखं दुखत नाही असा समज होता. इंदूरला वैद्यकीय शिक्षण घेऊन ऑक्सफर्डला गेलेले डॉ. कंवलजीत आनंद यांनी १९८७ मध्ये दाखवून दिलं की नीट भूल दिलेल्या बाळांच्या शरीरावर शस्त्रक्रियेचा ताण कमी पडतो आणि नंतरची गुंतागुंतही कमी होते.

कारण शोधताना

बाळाचे सगळे कपडे काढा. लंगोट, मोजे, टोपडं, मनगट्या, करगोटा, सगळं. चांगल्या उजेडात डोक्यापासून पायापर्यंत बघा.

हातापायांचं प्रत्येक बोट वेगळं करून पाहा. बाळंतपणानंतर आईचे केस गळतात आणि एखादा केस किंवा मोज्याचा दोरा बाळाच्या बोटाला गुंडाळला जाऊन रुततो. पुढचा भाग लाल-जांभळा होऊन सुजतो आणि केस सुजेत बुडाल्याने दिसतही नाही. मुलग्यांच्या शिश्नालाही असं होतं. केस सहज निघाला नाही तर ओढत बसू नका, लगेच दवाखान्यात न्या. तासांचा उशीर बोटाला महागात पडू शकतो. मग जांघेत बघा. तिथे टणक, हात लावू न देणारी गाठ असेल तर ती अडकलेल्या हर्नियाची असू शकते. वृषण सुजलं असेल किंवा त्याचा रंग बदलला असेल तरी थांबायचं नाही. एक हात किंवा पाय बाळ हलवतच नसेल, लंगोट बदलताना नेमकं तेव्हाच किंचाळत असेल, तर हाड किंवा सांधा तपासायला हवा. तोंडात बोटाने न निघणारे पांढरे डाग, डोळ्यात नख लागल्याने आलेलं पाणी, लंगोटाखाली सोललेली त्वचा, हेही बघा.

कान दुखत असेल तर बाळ आडवं केल्यावर जास्त रडतं, दूध ओढायला लागून मध्येच सोडतं, आणि बहुतेकदा आधी सर्दी झालेली असते. नुसतं कान ओढणं ही खात्रीची खूण नाही. कानात तेल घालू नका. पडदा फाटलेला असेल तर ते आत जातं, आणि डॉक्टरांना आतलं दिसतही नाही.

रोज संध्याकाळी ठरल्या वेळी रडणारं, एरवी चांगलं पिणारं आणि वजन वाढणारं बाळ बहुधा पोटशुळाने रडतं. हे सहाव्या आठवड्याच्या आसपास सगळ्यात जास्त असतं आणि तीन-चार महिन्यांत ओसरतं. जागं असताना बाळाला हाताच्या पुढच्या भागावर पालथं घेऊन पोटावर हलका दाब येऊ द्या, पाय सायकलसारखे फिरवा, पाजून झाल्यावर खांद्यावर घेऊन ढेकर काढा. मध एक वर्षापर्यंत अजिबात नको, त्यातल्या जंतूंमुळे बाळाचे स्नायू लुळे पडू शकतात. हिंग पोटात देऊ नका. गुटीत उगाळलेलं जायफळ किती गेलं ते मोजता येत नाही आणि त्याने बाळ सुस्त होतं. मुंबईच्या गिरण्यांत कामाला जाणाऱ्या बायका एके काळी बाळांना अफूची बाळागोळी देत. बाळ झोपे, दुखणं तिथेच राही.

लस टोचताना

इथे आईच्या हातात बरंच काही असतं. टोचण्याच्या दोन-चार मिनिटं आधी बाळाला पाजायला घ्या, टोचताना चालू ठेवा, नंतरही काही मिनिटं सोडू नका. छातीशी कातडीला कातडी लागू द्या. बाळाला टेबलावर आडवं दाबून धरण्यापेक्षा मांडीवर घेतलेलं बरं. टोचायचा पाय मात्र गुडघ्याशी स्थिर धरा. तोंडावाटे द्यायचे रोटाव्हायरसचे थेंब इंजेक्शनच्या आधी द्यायला नर्सबाईंना सांगा, कारण ते गोड असतात. अनेक सुया असतील तर जास्त झोंबणारी शेवटी. टोचलेली जागा चोळू नका, गरम शेकू नका. गार पाण्याचा ओला फडका ठेवा. बीसीजीच्या (क्षयाच्या लशीच्या) जागी काही आठवड्यांनी फोड येऊन पिकतो, तिथे मलम लावायचं नाही.

सरकारी केंद्रांत पेंटाव्हॅलंट (पाच रोगांवरच्या एकत्रित) लशीनंतर ताप येणं नेहमीचं आहे. टोचण्याआधीच पॅरासिटामॉल देऊन ठेवायची गरज नाही. ताप आला किंवा पाय दुखून बाळ बेचैन झालं तर द्यावं, आणि तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला डॉक्टरांना विचारूनच.

औषधाचं माप

पॅरासिटामॉल वयावर नाही, वजनावर द्यायचं: दर किलोला एका वेळी १० ते १५ मिलिग्रॅम, दोन डोसांत किमान ४ ते ६ तास, २४ तासांत चारपेक्षा जास्त डोस नाहीत. सगळ्यात मोठी चूक बाटली ओळखण्यात होते. थेंबांच्या बाटलीत साधारण एका मिलिलिटरला १०० मिलिग्रॅम असतं, सिरपात ५ मिलिलिटरला १२५ किंवा २५०. सहा किलोच्या बाळाला ६० ते ९० मिलिग्रॅम म्हणजे थेंबांचं ०.६ ते ०.९ मिलिलिटर, १२५ च्या सिरपचं मात्र २.४ ते ३.६. थेंबांचं औषध सिरप समजून चमच्याने दिलं तर डोस कित्येक पट होतो आणि यकृताला इजा होते. लेबल दर वेळी वाचा, घरातला चमचा न घेता सुई नसलेल्या सिरिंजने मोजा आणि गालाच्या आतल्या बाजूला थोडं थोडं सोडा. सर्दीच्या अनेक औषधांतही पॅरासिटामॉल असतं, ती सोबत देऊ नका. ॲस्पिरिन कधीच नाही. दात येताना हिरड्यांना बधिर करणारं जेलही टाळा. फ्रिजमध्ये गार केलेली, न गोठवलेली चावायची रिंग पुरते.

लगेच निघायचं कधी

तीन महिन्यांच्या आत १००.४ फॅरनहाइट किंवा जास्त ताप, हिरवी उलटी, शीमध्ये रक्त, फुगून टणक झालेलं पोट, बाळ शांत असतानाही वर आलेली टाळू, दूध सोडणं, उठवूनही न उठणं. सहा-आठ महिन्यांचं बाळ दर १५-२० मिनिटांनी पाय पोटाशी घेऊन कळवळत असेल, मध्ये पांढरंफटक पडून थकल्यासारखं होत असेल, तर आतडं आतड्यात शिरलेलं असू शकतं. जेलीसारखी लाल शी होईपर्यंत वाट पाहू नका. वाहन नसेल तर १०८ लावा. आणि रात्रभर रडण्याने तुमचा संयम सुटू लागला तर बाळाला उताणं पाळण्यात ठेवा, पाच-दहा मिनिटं बाहेर जा, घरातल्या कुणाला तरी हाक मारा. बाळाला गदागदा हलवू नका, त्याने मेंदूत रक्तस्राव होतो.