जुन्या परफॉर्मन्स गाडीचा ब्रेक बूस्टर निवडताना

बूस्टर (इंजिनाच्या व्हॅक्यूमवर, म्हणजे हवेच्या ओढीवर, ब्रेकचा जोर वाढवणारा गोल डबा) घेण्याआधी व्हॅक्यूम गेज घ्या. गरम इंजिन आयडलवर (अ‍ॅक्सिलरेटर न दाबता) ठेवून मॅनिफोल्डचा, म्हणजे इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांमधला, व्हॅक्यूम मोजा. ऑटोमॅटिक असेल तर गिअर टाकून, ब्रेक दाबून. साध्या इंजिनात काटा 17 ते 21 इंचांवर (पाऱ्याचे इंच) असतो. तिखट कॅमशाफ्ट (जास्त ताकदीसाठी इंजिनाचे व्हॉल्व्ह जास्त वेळ उघडे ठेवणारा दांडा) बसवली की तो 10-12 वर येऊन थरथरतो. मग बूस्टर कितीही मोठा घ्या, पेडल दगडासारखंच लागणार. अशा वेळी इलेक्ट्रिक व्हॅक्यूम पंप तरी लावा, नाहीतर सरळ हायड्रॉलिक (तेलाच्या दाबावर चालणाऱ्या) बूस्टरकडे वळा. नुसती व्हॅक्यूमची टाकी दोन-चार वेळा ब्रेक दाबण्यापुरती साठवण देते. कमी व्हॅक्यूम काही वाढवत नाही.

व्हॅक्यूम पुरेसा असेल तर प्रश्न जागेचा. व्हॉल्व्ह कव्हर (इंजिनावरचं झाकण) आड येत असेल तर 8 इंची दुहेरी डायफ्रॅमचा (आत दोन पडदे असलेला) बूस्टर बघा: दोन पडद्यांचं मिळून क्षेत्रफळ 11 इंची एकेरीच्या थोडं वरच भरतं.

बसवताना पुशरॉड, म्हणजे बूस्टरमधून मास्टर सिलिंडरला (ब्रेकच्या तेलाला दाब देणारा भाग) ढकलणारी दांडी, नीट मोजा. तो केसभर लांब राहिला तरी मास्टर सिलिंडरचा दट्ट्या पूर्ण मागे येत नाही, आणि थोडं चालवल्यावर ब्रेक आपोआप धरू लागतात. चेक व्हॉल्व्ह (बूस्टरमधला व्हॅक्यूम टिकवणारी एकेरी झडप) मात्र नवाच टाका, जुन्यात जीव अडकवू नका.