सॅन डिएगो काउंटीत नवीन येताय? नकाशा आडवा वाचा

कॅलिफोर्नियातल्या सॅन डिएगोचं ऑफर लेटर हातात पडलं की लोक पहिलं विचारतात, डाउनटाउनपासून किती लांब घर बघू? डाउनटाउनचं सोडा हो, समुद्रापासून किती मैल आत ते विचारा. इथे हवा, भाडं, लाइट बिल, घराचा इन्शुरन्स, सगळं त्यावर ठरतं.

काउंटी म्हणजे आपल्याकडचा जिल्हाच समजा. क्षेत्रफळ साधारण ११,७०० चौरस किलोमीटर, रत्नागिरीपेक्षा मोठी, पुणे जिल्ह्यापेक्षा लहान. २०२० च्या जनगणनेत लोकसंख्या ३३ लाखाला टेकलेली, त्यातले जवळपास १४ लाख सॅन डिएगो शहरात आणि पावणेतीन लाख चुला व्हिस्टात. एकूण शहरं १८. साधारण एक तृतीयांश लोक हिस्पॅनिक, नेव्ही आणि मरीन्सवालेही भरपूर. पण ही सगळी गर्दी पश्चिमेच्या पट्ट्यात, पूर्वेकडे नुसते डोंगर आणि त्यापलीकडे अँझा-बोरेगोचं वाळवंट.

आता हवेचंच घ्या, मे-जूनमध्ये किनाऱ्यावरच्या ला होयाला दुपारपर्यंत ढग, लोक स्वेटर घालून फिरतायत (मे ग्रे आणि जून ग्लूम म्हणतात त्याला), आणि त्याच दिवशी आतल्या एल काहोनला एसी चालू, वाळवंटातल्या बोरेगोत तर बाहेर पडायची सोय नाही. हिवाळ्यात डोंगरातल्या ज्युलियन, माउंट लगूनाला बर्फ पडतो आणि मग सगळी काउंटी तिकडे धावते, त्या वीकेंडला जाऊ नका. पाऊस किनाऱ्याला वर्षाला जेमतेम १० इंच, पाणी बरंचसं लांबच्या कोलोरॅडो नदीतून येतं, त्यामुळे पाण्याचं बिल बघून दचकू नका. एसी लागणारं घर घेणार असाल तर आधीच्या भाडेकरूला ऑगस्टचं लाइट बिल विचारून घ्या, वीज इथे भयंकर महाग आहे आणि संध्याकाळी ४ ते ९ चा रेट अजून वर.

आता रस्ते. आय-५ किनाऱ्याने, आय-१५ आतून, दोन्ही उत्तर-दक्षिण. मधे सगळे मेसा (सपाट माथ्याचे उंचवटे) आणि कॅन्यन (खोल दऱ्या), त्यामुळे समोर दिसणाऱ्या घराला पोचायला पण वळसा घालावा लागतो. दोन्हींना जोडणारे आडवे फ्रीवे उत्तरेकडे मोजकेच, ५२, मग ५६ आणि मग एकदम वर ७८, बाकी गल्लीबोळ. ऑफिस सोरेंटो व्हॅलीत असेल आणि घर एस्कोंडिडोत, तर रोज संध्याकाळी १५ वर उभं राहायची तयारी ठेवा. माझं मत विचाराल तर पहिलं वर्ष मिरा मेसा नाहीतर पीक्यूला (रँचो पेन्यास्किटोस) भाड्याने काढा, किराणा ब्लॅक माउंटन रोडवर मिळतो, पोहे-कोथिंबिरीसाठी वणवण नाही.

पत्त्यावर मात्र अजिबात विसंबू नका! फोर एस रँचचा पत्ता सॅन डिएगो असा येतो पण ते शहराच्या हद्दीतच नाही, थेट काउंटीच्या अखत्यारीत, पोलीस म्हणजे शेरीफ आणि शाळा पॉवे युनिफाइड स्कूल डिस्ट्रिक्टची. पीक्यू शहरात, पण शाळा तिथेही पॉवेच्याच. म्हणून लीज सही करायच्या आधी घर नंबर टाकून स्कूल डिस्ट्रिक्टच्या साइटवर बघा. विकत घेणाऱ्यांनी मेलो-रूस टॅक्स (वसाहतीतल्या रस्ते-शाळांसारख्या सोयींसाठीचा जादा कर) आहे का ते विचारा, नव्या वसाहतीत तो बऱ्यापैकी असतो.

आग हा विषय गंभीर आहे. शरद ऋतूत वाळवंटाकडून कोरडा सँटा ॲना वारा सुटतो आणि २००३ च्या सीडर आगीसारखं होतं, २००७ मध्ये तर रँचो बर्नार्डोतली घरं जळली आणि पाच लाखांवर लोकांना बाहेर पडायला सांगितलं होतं. कॅन्यनला लागून व्ह्यूवालं घर आवडलं की आधी इन्शुरन्सचं कोटेशन घ्या, मग प्रेमात पडा. अलर्ट सॅन डिएगोला (काउंटीची आणीबाणीच्या सूचना देणारी सेवा) फोन नंबर नोंदवून ठेवा.

शेवटचं, ५ आणि ८०५ दोन्ही दक्षिणेला सॅन इसिड्रोत एकत्र येतात आणि थेट मेक्सिकोतल्या तिहुआनात उतरतात. "लास्ट यूएसए एक्झिट" पाटी दिसली की गपचूप बाहेर पडा, विशेषतः व्हिसाचा स्टॅम्प संपलेला असेल तर. उत्तरेला जातानाही कॅम्प पेंडलटनच्या पट्ट्यात ५ वर बॉर्डर पेट्रोलचं चेकपॉइंट आहे, ते कधी बंद असतं कधी चालू, तेव्हा डिस्नेलँडला निघालात तरी पासपोर्ट आणि आय-९४ ची (अमेरिकेत प्रवेश केल्याची नोंद) प्रिंट गाडीत असू द्या.