मजकूर झाका, चित्र आधी दाखवा

मोठ्या मुलांच्या वर्गात अन्याय, एकटेपणा अशा विषयांवर बोलायला गेलं की ठरलेली, पाठ केलेली उत्तरं येतात. अशा वेळी लहानांचं चित्रांचं पुस्तक घ्या. यातली बरीच पुस्तकं ३२ पानांची असतात, म्हणजे एका तासात आरामात होतात.

१. मजकुरावर कागदाच्या पट्ट्या लावा.

२. पान दाखवून मिनिटभर गप्प राहा. जड जातं, पण मुलं खरं पाहू लागतात ती याच वेळात.

३. मग विचारा, "इथे काय चाललंय?" आणि प्रत्येक उत्तरानंतर, "चित्रातल्या कशावरून असं वाटलं?" हा दुसरा प्रश्न कधीच सोडू नका. पुराव्यानिशी बोलायची सवय त्यातूनच लागते. कोण मोठं काढलंय, कोण कोपऱ्यात आहे, रंग कुठे बदलला, हे मुलं आपणहून टिपायला लागतात.

४. पट्ट्या काढून वाचा. शब्दांत नसलेलं चित्राने काय सांगितलं, ते दोन ओळींत लिहायला द्या.

एक मात्र सांभाळा: शेवटी "तात्पर्य काय?" असं विचारू नका. तो प्रश्न आला की मुलं पुन्हा शिक्षकांना हवं असलेलं उत्तर शोधत बसतात.