हॉलसाठी दोन रंगांतून एक कसा निवडावा

शेडकार्ड चाळता चाळता दोन रंग उरतात आणि घोडं तिथेच अडतं. समजा, हॉलसाठी मोतिया आणि फिकट राखाडी अशी लढत आहे. पेंटर डबे आणायची कितीही घाई करत असला, तरी त्याला दोन दिवस थांबवा.

आधी दोन्ही शेडकार्ड पांढऱ्याशुभ्र कागदावर शेजारी शेजारी ठेवा. एकेकटी पाहताना लपलेली झाक लगेच उघडी पडते. मोतियातला पिवळेपणा दिसतो, राखाडीतला निळा किंवा हिरवट अंश दिसतो. पुष्कळदा एक रंग इथेच बाद होतो.

दोन्ही टिकले, तर सॅम्पलचे छोटे डबे आणा. ते थेट जुन्या भिंतीवर लावू नका, आजूबाजूचा रंग नजरेला फसवतो. प्रायमर मारलेल्या हार्डबोर्डाचे दोन फूट बाय दोन फूट तुकडे घ्या. कडेने दोन इंच पांढरं सोडून रंगाचे दोन हात द्या, पहिला पूर्ण सुकल्यावरच दुसरा. इमल्शन (भिंतीला लावायचा पाण्यात मिसळणारा रंग) ओलं असताना फिकट दिसतं, सुकल्यावर थोडं गडद होतं, म्हणून लगेच मत बनवू नका. फिनिशही तेच घ्या जे भिंतीला लावणार आहात. मॅट आणि चकचकीत यांत एकच शेड वेगळी भासते.

आता खरी परीक्षा. तुकडे एकेक करून खिडकीसमोरच्या आणि खिडकीलगतच्या भिंतीला टेकवा. सकाळी, दुपारी, दिवेलागणीला पाहा. पश्चिमेच्या खिडकीतून संध्याकाळचं ऊन आलं की मोतिया चांगलाच पिवळा होतो. उत्तरेच्या उजेडात राखाडी थंड, निळसर वाटते. रात्री दिवे लावून पाहणं तर चुकवूच नका. ६५०० केल्विनचा पांढरा एलईडी आणि ३००० केल्विनचा पिवळसर एलईडी यांत तोच रंग ओळखू येत नाही. म्हणून बल्ब आधी ठरवा, रंग नंतर. नोकरदारांच्या घरात माणसं हॉलमध्ये बसतात ती रात्रीच, तेव्हा माझ्या मते रात्रीच्या मताला सर्वाधिक वजन द्यावं.

तुकडा जमिनीलगत धरून फरशीशी आणि सोफ्याशीही जुळवून पाहा.

तरीही अडलंच, तर दोन्हींतला फिकट घ्या. चारही भिंती एकमेकींवर रंग फेकतात, त्यामुळे खोलीभर लागल्यावर तो तुकड्यापेक्षा गडदच वाटतो. दुकानात नुसतं नाव न सांगता शेडचा नंबर द्या आणि लागणारे सगळे डबे एकदमच मिक्स करून घ्या.