‘लॉर्ड ऑफ द फ्लाइज’वर उत्तर लिहिताय? या चुका टाळा

विमान पडून निर्जन बेटावर अडकलेल्या शाळकरी मुलांची ही गोष्ट. विल्यम गोल्डिंगच्या १९५४ सालच्या या कादंबरीवरचं परीक्षेतलं उत्तर बहुतेक वेळा तक्त्याने सुरू होतं: राल्फ म्हणजे लोकशाही, जॅक म्हणजे हुकूमशाही, पिगी म्हणजे विज्ञान, सायमन म्हणजे संत. तक्ता चूक नाही. पण तो पुस्तक न उघडताही लिहिता येतो, आणि तपासणाऱ्याला ते लगेच कळतं.

शंखाचंच घ्या. तो फुंकला की सभा भरते, आणि तो ज्याच्या हातात त्यानेच बोलायचं असा मुलांचा नियम. ‘शंख हे सत्तेचं प्रतीक’ एवढ्यावर थांबू नका. तो कुठे चालतो आणि कुठे चालत नाही ते शोधा. डोंगरावर शंख चालत नाही, असं जॅक अगदी सुरुवातीलाच ठणकावतो. पुढे त्याची टोळी रात्री झोपडीवर छापा घालते. पिगीला वाटतं, शंख न्यायला आले. सकाळी शंख जागच्या जागी असतो. गेलेला असतो पिगीचा चष्मा, कारण जाळ त्याच्यावर पेटतो. शंख चोरण्याच्याही लायकीचा उरलेला नाही. तो फुटतो नंतर. (जवळचंच नीट दिसणाऱ्याच्या भिंगाने जाळ पेटत नाही, ही गोल्डिंगची चूक प्रसिद्ध आहे. त्यावर परिच्छेद खर्च करू नका.)

नेतृत्वावर लिहिताना ‘राल्फ चांगला, जॅक वाईट’ हे टाळाच. निवडणूक हरलेल्या जॅकचं तोंड उतरतं, म्हणून त्याला खूश करायला राल्फ चर्चमध्ये गाणारी सगळी मुलं त्याच्याकडेच ठेवतो. तीच शिकारी होतात. म्हणजे पहिल्याच दिवशी भाले कुणाच्या हाती जाणार हे राल्फने स्वतः ठरवलं! नंतर जॅक विचारतो, राल्फ पुढारी नको असं कुणाकुणाला वाटतं? एकही हात वर होत नाही. जॅक रडत निघून जातो. आणि मग मोठी मुलं एकेक करून, कुणाला न सांगता, त्याच्याकडे सटकतात. नेतृत्वाच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर या प्रसंगात आहे, पण तो फार थोडे जण लिहितात.

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे रानटीपणा जॅकच्या टोळीच्या माथी मारून मोकळं होणं. श्वापद समजून सायमनला मारलं जातं त्या नाचाच्या रिंगणात राल्फ आणि पिगीही असतात. दुसऱ्या दिवशी राल्फ त्याला खून म्हणतो, पिगी अपघात म्हणतो. जुळे सॅम-एरिक सांगतात, आम्ही दमलो होतो, लवकर निघालो. खोटं आहे, पण सगळेच ते उचलून धरतात. ही ओळ उत्तरात आली पाहिजे. आणि ‘मुलं आदिवासींसारखी वागू लागली’ असं लिहू नका. ही इंग्लंडच्या शाळांतली मुलं आहेत.

नाव मराठीत देत असाल तर ‘माश्यांचा स्वामी’ लिहा. ‘माशांचा’ लिहिलंत तर मासळीबाजार आठवतो, आणि सैतानाचं जुनं नाव बेलझबब त्यामागे आहे हे कुणाच्या लक्षातही येत नाही.

शेवटाला ‘सुटका झाली’ म्हणून सुखान्त ठरवू नका. न्यायला आलेला अधिकारी युद्धनौकेवरचा आहे, आणि बाहेर महायुद्ध चालू आहे. शिवाय त्याला दिसलेला धूर पाहा. जहाजाला दिसावा म्हणून ज्या धुरासाठी राल्फ पुस्तकभर सगळ्यांशी भांडला, तो अखेर उठतो जॅकच्या टोळीने राल्फलाच झुडपांतून हुसकून मारायला लावलेल्या आगीतून.